बीपीडी ३० आठवड्यांची, एचसी ३२ ची, मग बाळाचं डोकं नक्की केवढं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गरोदर ताईंना ३२ आठवडे १ दिवस झालेत, तारखा पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनशी जुळलेल्या आहेत, बाळ पायाळू आहे, पाणी नॉर्मल. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बीपीडी, म्हणजे डोक्याची रुंदी, ७५ मिमी, समोर लिहिलंय ३० आठवडे १ दिवस. ओएफडी, म्हणजे डोक्याची लांबी, १०७. एचसी, म्हणजे डोक्याचा घेर, २९५, समोर ३२ आठवडे ४ दिवस. पोटाचा घेर आणि मांडीचं हाड दोन्ही ३२ च्या आसपास. आणि सगळ्यात खाली एकच शब्द, डॉलिकोसेफॅली. तो शब्द नेटवर शोधला आणि तेव्हापासून झोप उडालीय. विचारलंय की डोकं लहान आहे का, मेंदू दोन आठवडे मागे राहिलाय का, आणि डिलिव्हरीची तारीख पुढे जाणार का.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून. डोकं लहान नाहीये, लांबट आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदू मागे राहिलाय असं या आकड्यांवरून अजिबात म्हणता येत नाही, आणि तारीख हलवायची नाही. गेली वीसेक वर्षं रोज सोनोग्राफीचंच काम करतेय, पायाळू बाळाच्या रिपोर्टमध्ये हा शब्द कितीदा तरी लिहिलाय, पण दोन वाक्यं समजावून न सांगता तो शब्द आईच्या हातात देणं मला अजूनही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एका कानाच्या वरच्या हाडापासून दुसऱ्या कानाच्या वरच्या हाडापर्यंत. ओएफडी म्हणजे लांबी, कपाळापासून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत. आणि एचसी म्हणजे घेर. आता तारेचं एक गोल कडं डोळ्यासमोर आणा आणि ते दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. रुंदी कमी झाली, लांबी वाढली, पण तार तेवढीच आहे ना? तुमच्या बाळाच्या डोक्याचं साधारण हेच झालंय. रुंदी कमी आली म्हणून मशीननं ३० आठवडे छापलं, लांबी तेवढीच वाढलेली आहे म्हणून घेर ३२ चाच आला. रुंदी आणि लांबी दोन्ही कवटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत घेतल्या तर त्यांची बेरीज करून १.६२ नं गुणलं की घेर येतो. ७५ अधिक १०७ म्हणजे १८२, गुणिले १.६२, साधारण २९५. तुमच्या रिपोर्टमधलाच आकडा.

अजून एक हिशोब करून दाखवते, कारण मला स्वतःला तो फार समाधान देतो. लांबट डोक्याची बीपीडी 'जर हेच डोकं नेहमीच्या आकाराचं असतं तर रुंदी किती असती' अशी दुरुस्त करता येते. रुंदी आणि लांबीचा गुणाकार करायचा, १.२६५ नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ७५ गुणिले १०७ म्हणजे ८०२५, भागिले १.२६५ म्हणजे साधारण ६३४४, त्याचं वर्गमूळ जवळजवळ ८० मिमी. ८० मिमीची बीपीडी हॅडलॉकच्या तक्त्यात (मापावरून आठवडे सांगणारा नेहमीचा तक्ता) बरोबर ३२ आठवड्यांना बसते. म्हणजे ते दोन आठवडे कुठे हरवलेले नव्हतेच, ते लांबीत जाऊन बसले होते.

डॉलिकोसेफॅली हा शब्द येतो कुठून, तर रुंदीला लांबीनं भागून १०० नं गुणायचं, त्याला सेफॅलिक इंडेक्स म्हणतात, सीआय. तुमचा येतो ७०. सरासरी ७८ च्या आसपास असते, ७४ ते ८३ मध्ये आला तर आकार नेहमीचा धरतात, ७४ च्या खाली लांबट म्हणजे डॉलिकोसेफॅली, ८३ च्या वर आखूड-रुंद म्हणजे ब्रॅकिसेफॅली. पण ही ७४ ते ८३ ची हद्द सरासरीच्या दोन्ही बाजूंना फक्त एक एसडीची (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासून साधारण पडणारा फरक) आहे, म्हणजे साधारण तीनातलं एक धडधाकट बाळ या हद्दीच्या बाहेर पडणारच, गणितच तसं आहे. ७० जरा जास्त बाहेर आहे, दोन एसडीच्या काठावर, तरी पायाळू बाळात मला ७० बघून आश्चर्य वाटत नाही. तो शब्द फक्त आकार सांगतो, आजाराचं नाव नाहीये ते.

पायाळू बाळाचं डोकं लांबट का होतं, तर त्याचं डोकं गर्भाशयाच्या वरच्या घुमटात अडकून बसलेलं असतं, आठवडेच्या आठवडे तिथला दाब सहन करतं. कवटीची हाडं अजून एकमेकांना जोडलेली नसतात, मध्ये शिवणी असतात, टाळू असते, त्यामुळे दाब पडला की आकार वाकतो आणि आतला मेंदू त्या आकारात आरामात मावतो. पाणी कमी असलं, पाणी लवकर गेलेलं असलं किंवा जुळी असली तरी हेच दिसतं.

आता माप चुकतं कसं ते सांगते, कारण रिपोर्ट वाचायचा असेल तर तो कसा तयार होतो ते थोडं तरी माहीत असावं. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं ते यंत्र, ठेवल्यावर मी आधी आकड्यांकडे बघतच नाही, मधली रेघ शोधते. दोन्ही मेंदूगोलार्धांच्या मधोमध पांढरी रेघ जाते, ती आडवी दिसली पाहिजे, म्हणजे आवाजाची लाट तिच्यावर काटकोनात पडतेय. मग पुढच्या भागात ती रेघ एका ठिकाणी तुटलेली दिसते आणि तिथे दोन समांतर रेघांची एवढुशी पेटी असते, तिला कॅव्हम सेप्टाय पेल्युसिडाय म्हणतात. तिच्या मागे रेघेच्या दोन्ही अंगांना दोन काळसर गोळे, ते थॅलॅमस. पेटी दिसली, थॅलॅमस दिसले, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की चित्र गोठवायचं. त्यात सेरेबेलम म्हणजे लहान मेंदू दिसत असेल तर प्रोब मागच्या बाजूला झुकलाय, माप घ्यायचं नाही, परत यायचं. एवढं करून बाळ हललं की सगळं पहिल्यापासून, आणि ३२ आठवड्यांचं बाळ हलतंच.

चित्र बरोबर आलं तरी दोन्ही मापं सारखी भरवशाची नसतात. रुंदीच्या दोन्ही टोकांना लाट हाडावर सरळ आदळते, त्यामुळे कवटीची रेघ तिथे लख्ख पांढरी असते, खूण कुठे लावायची ते स्पष्ट दिसतं. लांबीच्या टोकांना, कपाळाशी आणि मागे, लाट हाडाच्या कडेनं घसरते, रेघ पुसट होते, कधीकधी तुटलेलीच दिसते. तिथे अंदाज घ्यावा लागतो आणि दोन तज्ज्ञांचा अंदाज दोन-तीन मिमीनं वेगळा येऊ शकतो. म्हणून सीआय ७३ आला की ७५ यावर फार विचार करण्यात अर्थ नाही, परत मोजलं तर तो बदलेल. हल्लीच्या मशीन घेराची लंबगोल रेघ आपोआप टाकतात, वेळ वाचतो, पण ती रेघ कवटीवर बसलीय का डोक्याच्या कातडीवर ते माणसानंच बघायचं असतं, मी दर वेळी बघते आणि बऱ्याचदा सरकवते.

बीपीडीची आणखी एक गंमत, खरं तर गोंधळ. ती दोन पद्धतींनी मोजतात. एक जुनी, प्रोबजवळच्या हाडाच्या बाहेरच्या कडेपासून लांबच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत. दुसरी बाहेरपासून बाहेरपर्यंत. जुनी पद्धत सुरुवातीच्या मशीनच्या दिवसांतली. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ग्लासगोहून अल्ट्रासाऊंडचा पहिला मोठा पेपर छापला, पुढे १९६८ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी मधली रेघ धरून बीपीडी घेण्याची नीट पद्धत दिली. त्या काळच्या पडद्यावर हाडाची रेघ मशीनच्या सेटिंगप्रमाणे जाड-बारीक व्हायची, पण लाट पहिल्यांदा जिथे आदळते ती कड मात्र जागची हलायची नाही, म्हणून दोन्ही हाडांची प्रोबकडची कड धरायची असं ठरलं. ८० च्या दशकातले हॅडलॉकचे तक्ते या पद्धतीवर बांधलेत. २०१४ ला आलेला इंटरग्रोथ-२१ चा तक्ता, जो आठ देशांतल्या निरोगी गरोदर बायकांवरून केलाय, तो बाहेर ते बाहेर मोजतो. आता एका पद्धतीनं मोजून दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात बघितलं तर काय होईल? तिसऱ्या तिमाहीत दोन पद्धतींत दोन-तीन मिमीचा फरक पडतो. ७५ मिमीच्या आसपास हॅडलॉकच्या हिशोबानं बीपीडी आठवड्याला अडीच मिमी वाढते. म्हणजे खूण हाडाच्या आत लावली का बाहेर, एवढ्यावर आठवडाभर इकडचं तिकडे! एचसी त्याच वेळी आठवड्याला साडेसात मिमी वाढत असते, तिच्यात तीन मिमीची चूक झाली तरी तीन दिवसांचा फरक. डोक्याच्या आकारानं एचसी फारशी फसत नाही आणि मोजणाऱ्याच्या हातानंही कमी फसते, म्हणून डोक्याच्या वाढीचा निर्णय आम्ही बीपीडीवर नाही, एचसीवर घेतो.

हे मी कसं शिकले तेही सांगते. नवीन होते तेव्हा एका पायाळू बाळाची बीपीडी अडीच आठवडे मागे आली, ओएफडी नीट बघितली नाही, बाहेर रांग होती, आणि मी रिपोर्टमध्ये डोक्याची वाढ कमी असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या बाई परत आल्या, डोळे सुजलेले. माझ्या सीनियर मॅडमनी त्यांना पुन्हा टेबलवर घेतलं, प्रोब माझ्या हातात दिला, आणि चित्र गोठवल्यावर पडद्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, आकडे झाक, नुसतं डोकं बघ, कसं दिसतंय? लांबट होतं, उघड्या डोळ्यांना दिसेल इतकं लांबट. मी आकडा वाचला होता, डोकं बघितलंच नव्हतं. ती एक रात्र त्या बाईंनी माझ्यामुळे रडून काढली होती हे मी विसरलेले नाही, आणि त्या दिवसापासून बीपीडी मागे आली की एचसी आणि सीआय बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

रिपोर्टमध्ये आकड्यासमोर जे आठवडे छापतात त्याचा अर्थही नीट घ्या. बीपीडी ७५ समोर ३० आठवडे १ दिवस याचा अर्थ 'बाळ ३० आठवड्यांचं आहे' असा नाही, 'सरासरी बाळाची बीपीडी ७५ होते ती ३० आठवड्यांना' एवढाच आहे. मशीन मग सगळ्या मापांच्या आठवड्यांची सरासरी काढतं, तिला एयूए म्हणतात, आणि त्यावरून एक नवी तारीखही छापून टाकतं. ती तारीख सोडून द्या. तारीख ठरते पहिल्या तिमाहीत, बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून, सीआरएलवरून, तेव्हा सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात. ती लांबी ८४ मिमीच्या वर गेली की एचसी घेतात. तिसऱ्या तिमाहीत मात्र मापावरून वय काढायचं तर तीनेक आठवड्यांची चूक होऊ शकते, म्हणून एकदा ठरलेली तारीख तिथे बदलत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी जुनीच तारीख ठेवली असेल तर त्यांचं बरोबर आहे.

वजनाचा अंदाज बघताना पण हेच लक्षात ठेवा. काही फॉर्म्युल्यांत बीपीडी असते, आणि लांबट डोक्यात ती कमी आली की वजनही थोडं कमी दाखवतं. अशा वेळी एचसी, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड यांच्यावरचा फॉर्म्युला वापरायला सांगा. तरीही १० ते १५ टक्के इकडे तिकडे होतंच.

मग आकाराची काळजी करायचीच नाही का? तसं नाही. काही आकार बघितले की मी थांबते. १८ ते २४ आठवड्यांत कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या, कवटी लिंबासारखी दिसली तर लगेच पाठीचा कणा आणि लहान मेंदू तपासायचा, कारण स्पायना बिफिडात, म्हणजे कणा नीट न मिटण्याच्या दोषात, असं दिसतं. निकोलाइडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही लिंबाची आणि केळ्यासारख्या वाकलेल्या लहान मेंदूची खूण सांगितली आणि त्यानंतर हा दोष वेळेत सापडणं खूप सोपं झालं. मागून रुंद आणि पुढून निमुळतं, स्ट्रॉबेरीसारखं डोकं दिसलं तर ट्रायसोमी १८ या गुणसूत्रांच्या दोषाची आठवण येते, पण त्यात बाकी अवयवांत पण काहीतरी सापडतंच. तीन पानांसारखी फुगलेली कवटी हाडांच्या गंभीर आजारात दिसते. यातलं काहीही तुमच्या रिपोर्टच्या जवळपास नाही.

नेटवर लांबट डोक्याबरोबर जे वाचून तुम्ही घाबरलात ते बहुतेक क्रेनिओसिनॉस्टोसिस असणार, म्हणजे कवटीची एखादी शिवण वेळेआधी जोडली जाणं. डोक्याच्या मधली उभी शिवण जोडली तर डोकं लांबट होतं हे खरं आहे. पण सगळे प्रकार मिळून हे २००० ते २५०० जन्मांमागे एखाद्याला असतं, आणि पायाळू बाळाचं लांबट डोकं ही रोजची गोष्ट. शंका आली तर आम्ही शिवणी बघतो, उघडी शिवण दोन पांढऱ्या हाडांमध्ये बारीक काळ्या फटीसारखी दिसते, थ्रीडीत तर ती अजून छान दिसते. कपाळ फार पुढे आलंय का बघतो. आणि बाळ फिरल्यावर परत मोजतो, दाबानं झालेला आकार पोटातच थोडाफार सुधारताना दिसतो, जोडलेल्या शिवणीचा आकार वाढतच जातो. पोटात असताना मधल्या शिवणीबद्दल शंभर टक्के सांगणं अवघड असतं, हेही खरं आहे.

आणि खरंच लहान डोकं म्हणजे काय? एचसी सरासरीपेक्षा दोन एसडीनं खाली गेली तर आम्ही जागे होतो, तारखा परत तपासतो, आईवडिलांच्या डोक्याचा घेर टेपनं मोजतो (खरंच मोजतो, लहान डोकी आणि मोठी डोकी दोन्ही घराण्यात चालतात), दोन-तीन आठवड्यांनी वाढीचा वेग बघतो. दोन आणि तीन एसडीच्या मधली बरीचशी बाळं, बाकी सगळं नॉर्मल असेल तर, पुढे व्यवस्थित असतात. तीन एसडीच्या खाली गेली तर मायक्रोसेफॅलीचा विचार गंभीरपणे करावा लागतो, सीएमव्ही, टोक्सोप्लाझ्मा, झिका अशी इन्फेक्शन, जनुकीय कारणं, कधी एमआरआय. तुमची २९५ ही एचसी ३२ आठवड्यांच्या मधल्या रेषेवर आहे, हद्दीपासून खूप लांब.

पुढच्या स्कॅनला, तीन-चार आठवड्यांनी, फक्त एवढं विचारा की मागची एचसी ज्या तक्त्यावर बघितली त्याच तक्त्यावर आत्ताची कुठे बसते. रेष तिच्या मार्गानं वर चाललीय ना, बस. बीपीडीचे आठवडे बघूच नका. डोकं फार खोल गेलं असेल किंवा बाळ नको तिकडे तोंड करून बसलं असेल तर बीपीडी घेताच येत नाही, रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या जागेचं माप, व्हेंट्रिकल, १० मिमीच्या आत आहे का तेवढं मात्र बघा, ते बहुतेक तुमच्या आत्ताच्या रिपोर्टमध्येही असेल.

बाळ अजून फिरू शकतं, पूर्ण दिवसांना १०० तली तीन-चारच पायाळू उरतात. आणि नाही फिरलं तरी डोक्याचा हा लांबटपणा जन्मानंतर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत गोल होत जातो. जन्मल्यावर टेपनं घेतलेला घेर सोनोग्राफीच्या शेवटच्या घेरापेक्षा जास्त आला तर डोकं अचानक वाढलं असं समजू नका, टेप कातडीवरून आणि केसांवरून जाते, आम्ही हाडावरून मोजतो, सोनोग्राफीचा आकडा बऱ्याचदा थोडा कमीच येतो. बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा की पोटात डोकं लांबट होतं, ते शिवणी आणि टाळू बोटांनी चाचपून बघतील, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि बाळ शेवटच्या महिन्यांत पायाळू राहिलं असेल तर, नंतर फिरलं असलं तरीही, त्याचे खुबे तपासून घ्या, साधारण सहा आठवड्यांचं झालं की खुब्यांची सोनोग्राफी करतात. पायाळू बाळांत खुबा सैल असण्याची शक्यता खरंच जास्त असते, आणि डोक्याच्या गडबडीत नेमकी तीच तपासणी राहून जाते.